‘घेतली’ आणि ‘घेणार होतो’

न्यायाधीशांच्या उंच टेबलाखाली एक बुटकं टेबल असतं. त्या टेबलाशी बसून बाईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत टाईप करून दिलं. सगळं कोर्ट त्यांना ‘शब्दशः बाई’ म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. एकदा एका बड्या वकिलांनी त्यांच्या टेबलाशी वाकून, माझ्या बोलण्यातले ते ‘अं, म्हणजे, तसं नाही, म्हणजे’ तेवढे गाळाल का, असं लाडीगोडीने विचारलं होतं. बाईंनी पेन्सिलीला टोक काढत उत्तर दिलं, “आपण बोललात, मी लिहिलं.” नाव पडलं ते तेव्हापासून.

आयुष्यभर माणसांचं बोलणं ऐकून बाईंचं माणसांविषयीचं मत फारसं चांगलं राहिलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याचा त्यांना राग येत नसे. सफाईने खोटं बोलणाऱ्याबद्दल थोडा आदरच वाटे, कारण त्याने निदान मेहनत घेतलेली असते. त्यांना किळस यायची ती आपल्या वाक्यातून हळूच काढता पाय घेणाऱ्या माणसांची. ‘हात उचलला गेला’, ‘कागद गहाळ झाला’, ‘सही करण्यात आली’. हात आपोआप उठतो, कागद आपल्या पायांनी चालत जातो, सही आकाशातून पडते. अशी वाक्यं टाईप करताना बाईंचं नाक मुरडलेलं असे, आणि ते पाहून समोरचा साक्षीदार उगाचच घाबरायचा.

घरी याच्या उलट कारभार. यजमानांचं पडदे शिवण्याचं दुकान होतं, तळमजल्यावर दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. गोड बोलणाऱ्या कोणावरही यजमानांचा विश्वास बसे. गिऱ्हाईक स्वतःच चुकीचं माप सांगून जाई आणि मग पडदा आखूड झाला म्हणून तोंड वाकडं करी, तर हे बिचारे माफी मागून नवा शिवून देत. याला अर्धा दिवस कोर्टात बसवला तर रडत घरी येईल, असं बाईंना वाटायचं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी त्यांना साधारण आठवड्यातून एकदा सांगितलं होतं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला कोर्टाचं काम पाव तासासाठी थांबलं. बाई वह्या आणायला समोरच्या कागदाच्या दुकानात निघाल्या. पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होता. पट्ट्यांवरून निम्मा रस्ता ओलांडला असेल नसेल, तोच वळणावरून एक पांढरी गाडी आली आणि तिने बाईंना डाव्या कुशीवर उचलून बाजूला टाकलं. गाडी फार वेगात नव्हती. बाईंना पुढे वाटत राहिलं की तेच जास्त अपमानास्पद होतं. समोर माणूस आहे हे पाहायला चालकाला भरपूर वेळ होता, त्याने पाहिलं नाही, एवढंच.

बेशुद्ध पडण्याचा मान बाईंनी त्या गाडीला दिला नाही. रस्त्यावर आडव्या पडून त्यांनी सगळं टिपलं. गाडीच्या काचेवर अ‍ॅपवाल्या टॅक्सी कंपनीचं गोल चिन्ह होतं. काचेजवळ अडकवलेल्या फोनचा पडदा उजळलेला होता. चौकातल्या वाहतूक हवालदाराने घड्याळ पाहून डायरीत वेळ लिहिली, अकरा वाजून पाच मिनिटं. आणि चालक, पिवळट चेहऱ्याचा पस्तिशीतला माणूस, त्यांच्याजवळ उकिडवा बसून म्हणाला, “बाई, राइड घेतली आणि तेवढ्यात तुम्ही आलात.”

म्हणजे चूक बाईंच्या येण्याची. वेदनेने डोळ्यांसमोर अंधारी येत असतानाही त्यांना त्या वाक्याचं व्याकरण खुपलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. पट्टी आणि स्क्रू घालून ते जोडलं. तीन महिने अंथरूण, मग चाकांचा वॉकर, मग काठी, असा पुढचा कार्यक्रम डॉक्टरांनी सांगितला. यजमान दुकान बंद ठेवून रुग्णालयातल्या स्टुलावर बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांच्या फोनवर टॅक्सी कंपनीच्या विमा विभागातून फोन आला. आधी एक यांत्रिक आवाज म्हणाला की, सेवेच्या दर्जासाठी हा संवाद ध्वनिमुद्रित केला जात आहे.

“करा,” बाई म्हणाल्या. “मीही लिहून घेतेय.” आणि त्यांनी यजमानांना उशाखालची वही काढायला सांगितली.

पलीकडचा माणूस हसला. त्याचा आवाज असा होता की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं दुखणं याच्याच अंगात शिरलंय. बाईंनी पहिल्या मिनिटातच त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. यजमान मात्र फोन हातात धरून कृतज्ञतेने मान हलवत होते, जणू तो त्यांना दिसत होता.

गोडबोल्याने समजावून सांगितलं ते असं. अ‍ॅपवर चालणाऱ्या गाडीच्या विम्याला तीन पायऱ्या असतात. चालकाचं अ‍ॅप बंद असेल तर तो आपला खाजगी माणूस, कंपनीचा काही संबंध नाही, त्याचा स्वतःचा विमा काय ते बघेल. अ‍ॅप चालू आहे पण अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही, अशी मधली पायरी असेल तर कंपनीचा विमा थोडाफार मिळतो, तोही चालकाच्या विम्याने नाही म्हटल्यावर. आणि चालकाने राइड स्वीकारली की तिथपासून गिऱ्हाईक उतरेपर्यंत कंपनीचा पूर्ण विमा लागू. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच गाडीने, एकच बाई पाडली तरी तिचं हाड किती महाग हे त्या क्षणी चालकाच्या बोटाने कुठलं बटण दाबलेलं होतं त्यावर ठरणार.

“मग माझं काय?” बाईंनी विचारलं.

“थांबा हं, बघून सांगतो,” गोडबोल्या म्हणाला. कळफलक वाजला. त्याला एक शिंक आली. “आमच्या नोंदीत अकरा वाजून चार मिनिटांनी राइड स्वीकारलेली दिसते, मॅडम. तुम्ही अजिबात काळजी करू नका.”

बाईंनी ते लिहिलं. शिंकसुद्धा लिहिली. यजमानांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, जगात चांगली माणसं असतात. बाईंनी वही मिटली. चांगल्या माणसांविषयीचा त्यांचा अनुभव अपुरा होता.

घरी आल्यावर पत्रं सुरू झाली. पहिलं चालकाच्या स्वतःच्या विमा कंपनीचं. सदर गाडीची पॉलिसी खाजगी वापराची आहे, अपघातसमयी गाडी भाड्याने चालवली जात होती, सबब दावा नामंजूर. दुसरं अ‍ॅपवाल्या कंपनीचं. त्यात आधी अर्धं पान हे सांगितलं होतं की चालक हा आमचा नोकर नसून स्वतंत्र भागीदार आहे. मग हळूच मुद्दा येत होता. अपघात अकरा पाचला झाला, चालकाची शेवटची नोंद अकरा सहाची, ‘उपलब्ध’ अशी आहे, म्हणजे अपघाताच्या वेळी राइड स्वीकारलेली नव्हती. सबब मधली पायरी. मधल्या पायरीत जे मिळणार होतं त्यात खुब्यातल्या स्क्रूंचाही खर्च निघाला नसता, आणि तेही ‘पादचाऱ्याने पुरेशी दक्षता घेतली होती काय’ याची चौकशी झाल्यावर.

बाईंनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एक म्हणत होतं की चालक धंदा करत होता म्हणून आम्ही देणार नाही. दुसरं म्हणत होतं की चालकाचा धंदा अजून सुरूच झाला नव्हता म्हणून आम्ही देणार नाही. दोघांनाही हे मान्य होतं की बाईंना गाडीने उडवलं. फक्त त्या गाडीत त्या वेळी बसलेला माणूस नक्की कोण होता, यावर त्यांचं एकमत नव्हतं. एकतीस वर्षांत बाईंनी अट्टल चोर पाहिले होते, पण दोन चोरांनी एवढ्या सभ्य भाषेत एकमेकांकडे बोट दाखवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पत्रांचा कागद मात्र उत्तम होता. जाड, दुधाळ, कोर्टात कधी न मिळणारा.

त्यांनी गोडबोल्याला फोन लावायला सांगितला. सात वेळा लावल्यावर तो मिळाला. आवाज तसाच लोण्यासारखा, फक्त आता त्याला बाई आठवत नव्हत्या. मग आठवल्या. मग तो म्हणाला की, अकरा चारचं आपण काही बोललो असं त्याच्या लक्षात नाही, पत्रात असेल तेच ग्राह्य धरावं. बाईंनी हेही लिहिलं. पुढचे दोन महिने हेच चाललं. एक कागद हवा, तो दिला की दुसरा हवा, दुसरा दिला की पहिल्याची मुदत संपलेली. चिकाटीने भिजत घातलेलं हे घोंगडं बाई पलंगावर पडल्या पडल्या रोज एका पानात उतरवत होत्या. तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं. एक वही संपली.

एका दुपारी चालक घरी आला. यजमानांनी त्याला वर आणला, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने पाणी पिऊन झाल्यावर, बाईंचा पाय कसा आहे हे न विचारता, स्वतःचं गाऱ्हाणं सुरू केलं. गाडी हप्त्यावरची होती. त्याच्या विम्याने पॉलिसी रद्द केली होती. कंपनीने त्याचं खातं थांबवून ठेवलं होतं. त्यांच्याकडच्या कोणीतरी फोनवर सांगितलं होतं की, जबाबात ‘राइड घेतली’ असं न लिहिता ‘राइड घेणार होतो’ असं लिही, म्हणजे खातं लवकर सुरू होईल.

“मग लिहिलंस?” बाईंनी विचारलं.

“लिहिलं,” तो म्हणाला. रिकामा पेला खाली ठेवत तो पुढे म्हणाला, “तुम्हीही तसंच सांगितलंत तर माझं काम होईल, बाई. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मळकी कॉलर, दाढीचे खुंट, नजर सारखी जमिनीवर. ज्या गाडीने आपल्याला उडवलं ती हा चालवत होता, आणि याला चालवणारे दुसरेच कुठेतरी बसले होते, हे त्यांना दिसत होतं. कोर्टात असे कितीतरी पाहिले होते, मालकाचा गुन्हा पाच मिनिटांत आपल्या अंगावर घेणारे आणि त्याबद्दल मालकाचेच आभार मानणारे. कीव यायला हवी होती. त्यांना आली ती शिसारी.

“तू घेतली होतीस की घेणार होतास?”

“घेतली होती. बटण दाबलं आणि मान वर केली तर तुम्ही.”

“मग मी तेच सांगणार. माझं हाड तू मोडलंस, आता माझी भाषाही मोडायला आलायस.”

तो उठला. यजमान त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. खालून शिलाई मशीनचा आवाज आला तेव्हा बाईंना कळलं की ते दुकानात जाऊन बसलेत. संध्याकाळी जेवताना यजमान एवढंच म्हणाले की, त्याची चप्पल तुटलेली होती. बाई म्हणाल्या, माझा खुबा तुटलाय. मात्र त्या रात्री चालकाशी झालेलं बोलणं बाईंनी वहीत उतरवलं, आणि रागाच्या भरात आपण न बोललेलं काही लिहिलं तर नाही ना हे तपासून पाहिलं. नव्हतं. जे बोलल्या तेच होतं. वाचायला ते बोलताना वाटलं त्याहून कठोर वाटलं.

पाचव्या महिन्यात विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली. इमारत उंच होती, लिफ्ट बंद होती. बाई काठी टेकत, यजमानांच्या खांद्याचा आधार घेत दोन मजले चढल्या. खोलीत लांब टेबल, एका टोकाला अधिकारीबाई, एका बाजूला कंपनीचे वकील, आणि त्यांच्या शेजारी प्रत्यक्ष गोडबोल्या. बाईंनी मनात एक गुबगुबीत, गुळगुळीत माणूस धरला होता. निघाला एक काटकुळा पोरगेला इसम, नखं कुरतडलेली, टायची गाठ कानाकडे सरकलेली. एवढ्याशा माणसाच्या घशात एवढा गोडवा ठेवतात कुठे, असं बाईंना वाटलं. कोपऱ्यात सुनावणीचं काम लिहून घेणारा एक टकलू स्टेनो बसला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. बाईंनी पाहिलं, आणि लांबूनच त्याच्या शॉर्टहँडची वळणं ढिसाळ आहेत असा शेरा मनात मारला.

वकिलांनी मधल्या पायरीवर अर्धा तास घालवला. ते इतकं नेटकं बोलले की कोणालाही वाटावं, अपघात झाला तो कंपनीचाच. मग अधिकारीबाईंनी गोडबोल्याला विचारलं, पहिल्या फोनवर तुम्ही यांना राइड स्वीकारलेली होती असं सांगितलंत का.

“तसं बोलल्याचं मला आठवत नाही,” तो म्हणाला.

बोललो नाही, असं म्हणाला नाही. बाईंच्या नाकाचा शेंडा आपोआप मुरडला गेला.

फोनचं ध्वनिमुद्रण मागितलं तर वकील म्हणाले, तांत्रिक कारणामुळे त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध होऊ शकलेलं नाही. तेव्हा बाईंनी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. वकिलांनी ती उघडून दोन पानं चाळली आणि हसले. म्हणाले, या रेघोट्या आहेत, अशा कोणीही कितीही ओढाव्यात, आणि यांचा अर्थ त्याच सांगणार.

“मला सांगायचाच नाही,” बाई म्हणाल्या. “ते वाचतील.” आणि त्यांनी काठीने कोपऱ्याकडे खूण केली.

टकलू स्टेनोने मान वर केली. या खोलीत आपल्याला कोणी हाक मारेल ही कल्पनाच त्याला नवी असावी. अधिकारीबाईंनी होकार दिला. त्याने वही घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि बाजारातली यादी वाचावी तशा सपाट आवाजात वाचायला लागला. तारीख. वेळ. यांत्रिक आवाज. ‘करा. मीही लिहून घेतेय.’ समोरचा हसला. तीन पायऱ्या, एकेक करून. एका जागी तो अडला.

“इथे हात थरथरलाय,” तो म्हणाला.

“पाठीवर पडून लिहीत होते,” बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली, पान थोडं तिरकं धरलं आणि पुढे वाचलं. ‘थांबा हं, बघून सांगतो. समोरच्याला शिंक. आमच्या नोंदीत अकरा वाजून चार मिनिटांनी राइड स्वीकारलेली दिसते, मॅडम. तुम्ही अजिबात काळजी करू नका.’

गोडबोल्याने खिशातून रुमाल काढला आणि परत आत ठेवला. बाईंना त्या क्षणी विजयाबिजयाचं काही वाटलं नाही. कोपऱ्यातल्या माणसाची वळणं ढिसाळ असली तरी वाचन बिनचूक आहे, हे त्यांना नाइलाजाने कबूल करावं लागलं. अधिकारीबाईंनी कंपनीला त्या दिवसाची मूळ नोंद, संगणकातून निघते तशीच्या तशी, दहा दिवसांत हजर करायचा हुकूम दिला.

बाहेरच्या व्हरांड्यात वकिलांनी त्यांना गाठलं. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. कंपनीची माणुसकीच्या भावनेतून तडजोड करायची तयारी आहे, म्हणाले, आणि आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता. सोबत एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की बाई या प्रकरणाबद्दल कोणाशीही, कधीही, तोंडी किंवा लेखी काही बोलणार नाहीत आणि त्यांच्याजवळच्या सर्व टिपणवह्या कंपनीच्या ताब्यात देतील.

यजमानांनी पेन शोधायला सुरुवात केली होती. बाईंनी कागद परत केला.

“अगं, घे ना,” यजमान म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला. “पाच महिने झाले. मी दुकान उघडतो ते दुपारी, तुझं सगळं आवरून झाल्यावर. दोन गिऱ्हाइकं कायमची गेली. तुला त्यांना खोटं ठरवायचंय, मला तुला चालताना बघायचंय.”

बाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं. या माणसाला कुठल्याही गोड बोलणाऱ्याने गुंडाळावं, हे वाक्य त्यांनी हजारदा वापरून गुळगुळीत केलेलं होतं. पण त्यांनी यजमानांकडे पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं की ते कोणाच्या गोड बोलण्याला भुललेले नव्हते. ते दमले होते. पाच महिने त्यांनी बाईंची भांडी उचलली, पाय चोळला, पत्रं टपालात टाकली, आणि त्या सगळ्याचा एक शब्दही वहीत नव्हता, कारण करताना ते काही बोलले नव्हते.

“अहो, दहा दिवस,” बाई म्हणाल्या. “दहा दिवसांनी तुम्ही म्हणाल तिथे सही करीन.”

त्यांनी आयुष्यात कोणाला अशी विनवणी केली नव्हती. यजमानांनी पेन खिशात ठेवलं आणि त्यांना जिना उतरायला हात दिला.

मूळ नोंद नवव्या दिवशी आली. ती एवढीशीच होती, चार ओळींची. अकरा दोन, चालक उपलब्ध. अकरा चार, राइड स्वीकारली. अकरा सहा, गिऱ्हाइकाने राइड रद्द केली. अकरा सहा, चालक उपलब्ध. गाडी आली नाही म्हणून कंटाळलेल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाने बटण दाबलं होतं, आणि कंपनीने शेवटची ओळ धरून वरच्या तीन ओळींकडे कानाडोळा केला होता. बाई तेव्हा रस्त्यावर आडव्या होत्या, आणि अ‍ॅपच्या लेखी तो चालक पुढच्या गिऱ्हाइकासाठी मोकळा झाला होता. वकिलांनी लेखी खुलासा दिला, ‘सदर नोंद अनवधानाने अंशतः वाचली गेली.’ बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. वाचली गेली. कोणी वाचली, ते आजतागायत कळलेलं नाही.

निवाडा बाईंच्या बाजूने झाला. पूर्ण विमा, रुग्णालयाचा खर्च, बुडलेला पगार, पुढच्या औषधपाण्याची तरतूद. दिरंगाईबद्दल कंपनीला समज देण्यात आली, म्हणजे अशा कंपन्या दारामागे लावून ठेवतात तसला एक कागद देण्यात आला. पैसे पाचव्या आठवड्यात आले. सोबतच्या पत्रात ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद’ होता. मोडलेल्या खुब्याला गैरसोय म्हणणाऱ्या माणसाचा पगार किती असेल, असं बाईंनी यजमानांना विचारलं. गोडबोल्याची बदली झाली असं कळलं. कुठे, ते कळलं नाही, पण तिथेही फोन असणारच. चालकाला मात्र कोणी काही दिलं नाही. कंपनीने त्याचं खातं कायमचं बंद केलं. खोटा जबाब लिहिल्याबद्दल. तो लिहायला सांगणाऱ्याचं खातं कुठेच नसल्यामुळे ते बंद करायचा प्रश्न आला नाही. काही महिन्यांनी यजमानांनी ओळखीच्या कापडाच्या गोदामात त्याला मालवाहू गाडीवर लावून दिलं आणि बाईंना पंधरा दिवस सांगितलं नाही. सांगितल्यावर बाई म्हणाल्या, फोन बाजूला ठेवून चालवायला सांगा. एवढंच.

डावा पाय अर्ध्या बोटाने आखूड राहिला. एका चपलेला जाड टाच लावून बाई कोर्टात परतल्या आणि बुटक्या टेबलाशी बसल्या. पण गोष्ट इमारतीत पसरली होती. कोर्टातला शिपाई एक दिवस भावजयीला आलेलं विम्याचं पत्र घेऊन आला. तिलाही अशाच एका अ‍ॅपवाल्या गाडीने सायकलवरून पाडलं होतं. मग शिपायाच्या शेजारचे आले. मग कोणाच्या ओळखीचे. आता रविवारी सकाळी दुकानाच्या वरच्या खोलीत चारपाच माणसं तरी बसलेली असतात, कोणाचा हात गळ्यात, कोणाचा पाय पुढे काढलेला, सगळ्यांच्या मांडीवर तो जाड दुधाळ कागद. यजमान त्यांना चहा देतात. बाई त्यांना शब्द देतात, तेही गोड नाहीत.

गेल्या रविवारी शाळेत स्वयंपाकाचं काम करणारी एक बाई आली होती. उजव्या हाताला प्लास्टर. तिने पत्र पुढे केलं आणि सांगायला लागली, फोनवरचे साहेब फार चांगले होते हो, अगदी घरच्यासारखं बोलत होते.

“काय बोलत होते?” बाईंनी विचारलं.

“असंच, चांगलं.”

“नक्की काय?”

तिला आठवेना. बाईंनी नाक मुरडलं, टेबलावर पसरलेलं पडद्याचं कापड बाजूला सारायला यजमानांना सांगितलं, आणि तिच्यापुढे एक कोरी वही सरकवली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आठवेपर्यंत बसा. आणि डाव्या हाताने लिहायला लागलं तरी चालेल.”